डाव्या पायाची शाळा

चर्चगेटला गाडीतून उतरा आणि दक्षिणेकडे चालायला लागा. साल १९५१, पावसाळा नुकता सरलाय. डाव्या हाताला ओव्हल, पलीकडे राजाबाई टॉवर. त्याचं घड्याळ तेवढं ओळखीचं वाटेल, बाकी रस्ता नाही.

कूपरेजच्या फाटकाशी गर्दी आहे. गिरण्यांतून, गोदीतून, फोर्टातल्या कचेऱ्यांतून सुटलेली माणसं, आणि धोबीतलावच्या कुडांतली, म्हणजे गोव्याच्या गावागावांनी चालवलेल्या खोल्यांतली, गोंयकार पोरं तर घोळक्यानं. रोव्हर्स कपची फुटबॉल स्पर्धा चालू आहे. आत शिरा, रेषेजवळ जागा धरा आणि पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. लोक टाळ्या कशाला वाजवतात तेवढं ऐका.

टाळ्या पडतात ड्रिब्लिंगला. एक विंगर चेंडू पायाला डकवून निघतो, एकाला चकवतो, दुसऱ्याला झुलवतो, तिसऱ्याच्या दोन पायांमधून काढतो आणि चौथ्यापाशी गमावतो. तरी टाळ्या. चेंडू गेला याचं कुणाला सोयरसुतक नाही. फडात लावणीला 'वन्स मोअर' मिळाला की वगाचं पुढं काय झालं हे कोण विचारतो?

आता दुसऱ्या संघाकडे वळा. हैदराबाद सिटी पोलीस. यांच्यातला एकही जण चेंडू फार वेळ स्वतःकडे ठेवत नाही. आला की दिला, दिला की धावला. चेंडू जमिनीलगत, छोट्या छोट्या टप्प्यांनी सरकत राहतो आणि समोरचे अकरा जण त्याच्यामागे दमतात. शेजारचा गोंयकार वैतागून म्हणतो, "मरे, हांगा कोणूच खेळना, बॉलच खेळटा!" त्याला तक्रार करायची आहे. खरं तर याहून नेमकं वर्णन त्या संघाचं झालं नसतं.

हा संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप मुंबईतून हैदराबादला घेऊन जाणार आहे. त्यांचा कोच रेषेबाहेर उभा आहे: सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९, पेशा शाळामास्तरचा. खेळाडू त्यांना रहीमसाब म्हणतात. १९५० पासून भारताच्या संघाची सूत्रंही त्यांच्याकडेच आहेत, आणि याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत साहू मेवालालच्या गोलवर इराणला १-० हरवून भारतानं सुवर्णपदक घेतलंय.

नवा कोच आला की संघ बदलतो असं आपण पटकन म्हणून जातो. इंग्लंडात मॅनेजर बदलला की महिन्याभरात पेपरवाले नवी शैली जाहीर करून टाकतात. पण तिथला मॅनेजर आपल्या पोरांना रोज सकाळी मैदानावर बघतो. भारताच्या कोचला खेळाडू मिळतात स्पर्धेच्या तोंडावर, थोड्या आठवड्यांपुरते, कुणी कलकत्त्याचा, कुणी बंगळूरचा, कुणी मुंबईचा. प्रत्येकाच्या पायात आपापल्या मैदानाची सवय मुरलेली. ती कुठं उतरवणार? त्यातून सुवर्णपदक गळ्यात असताना खेळ बदला म्हणणाऱ्याला वेड्यात काढतात.

तेव्हा आता गरम कपडे घाला.

*

१५ जुलै १९५२. हेलसिंकी ऑलिंपिक, टोलोचं मैदान. जुलै असून हवा गार आहे. तुम्हाला मी मुद्दाम भारताच्या गोलमागे उभं केलंय, कारण आजचा बहुतेक खेळ इथंच होणार आहे. समोर युगोस्लाव्हिया.

आधी पाय बघा. आपल्यातले बरेचसे अनवाणी आहेत, घोट्याला पट्ट्या गुंडाळलेल्या. (१९५० चा वर्ल्ड कप भारतानं अनवाणीपणामुळे सोडला ही गोष्ट तुम्ही हमखास ऐकली असेल. ती जितकी सांगतात तितकी सरळ नाही.) अनवाणी पायाची एक गंमत असते. कोरड्या, टणक जमिनीवर तो चेंडूशी बोलतो; चामडं कुठं आहे, शिवण कुठं आहे, सगळं त्याला कळतं. इथल्या गार, निसरड्या गवतावर तो मुका होतो.

जवळून बघा. समोरून युगोस्लाव्ह फॉरवर्ड येतोय, पायात स्टड लावलेले जाड बूट. आपला बॅक चेंडूवर पाय घालायला निघतो आणि अगदी शेवटच्या क्षणी तो पाय इंचभर मागे येतो. भित्रेपणा नाही तो. हाडाला आपलं हाड असणं कळतं. पण त्या इंचातून चेंडू निघून जातो.

बुटांचं ठीक आहे, ते कुणालाही दिसतं. आता नजर वर उचला आणि माणसं मोजा. मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच. २-३-५, आपल्याकडे जिकडेतिकडे चालणारी जुनी मांडणी. पुढचे पाच ओळीनं उभे, चेंडूची वाट बघत. तो यावा कुठून? मागचे दोघं वेढलेत. युगोस्लाव्हियाचे पुढचे खेळाडू एका जागी थांबतच नाहीत. एकजण मागे सरकतो, आपला माणूस त्याच्यामागे ओढला जातो आणि मोकळ्या झालेल्या खिंडीतून दुसराच घुसतो. आपल्या बचावाला कळतच नाही की धरायचं कुणाला.

मध्यंतराला ०-५. ब्रान्को झेबेच एकटा चार गोल करतो. शेवटी शेवटी, एकोणनव्वदाव्या मिनिटाला, अहमद खान भारताचा एकमेव गोल मारतो. ईस्ट बंगालच्या आघाडीला कलकत्त्यात 'पंचपांडव' म्हणायचे, त्यातला हा एक, आणि ड्रिब्लिंगमधला जादूगार. मला यात थोडी चेष्टा दिसते नियतीची. ज्या कलेवर आता बंधन येणार, तिचाच मानकरी आजच्या दिवशी अब्रू राखतो.

१-१०.

हेच युगोस्लाव्ह थोड्याच दिवसांत सोव्हिएत संघाशी ५-५ असा अचाट सामना खेळणार आहेत आणि रौप्यपदक घेऊन घरी जाणार आहेत. सुवर्ण नेणार हंगेरी, ज्यांचा सेंटर फॉरवर्ड पुढे न राहता मागे सरकून खेळतो आणि युरोपातल्या भल्याभल्या बॅकांची तारांबळ उडवतो. पुढच्या वर्षी वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ हरवून ते सगळ्या जगाला हे दाखवतील. म्हणजे आपण हरलो ते लिंबूटिंबूंकडून नव्हे. तरी दहा ते दहाच.

मायदेशी परतल्यावर फुटबॉल महासंघ बूट सक्तीचे करतो. वर्तमानपत्रांच्या लेखी प्रश्न मिटला.

*

आता हैदराबाद. इथं तुम्ही प्रेक्षक नाही. इथं तुमचं वय चौदा आहे.

उन्हं कलली आहेत. लाल धुळीचं मैदान, चामड्याचा चेंडू. त्याला वादी आवळून बांधलेली, डोक्यावर ती बसली की कपाळाला वळ उठतो. तुमच्या मोहल्ल्यात तुमचं नाव आहे. गल्लीत तीन पोरांना चकवून चौथ्याला खाली बसवणारा पोरगा म्हणून मोठी माणसंसुद्धा तुम्हाला ओळखतात. आज रहीमसाबांनी भरवलेली स्पर्धा आहे आणि तुम्ही जरा रुबाबातच उतरला आहात.

चेंडू येतो. तुम्ही सवयीनं तो तळव्याखाली घेता, खांदा डावीकडे झुकवता, उजवीकडून निघता. शिट्टी. चेंडू समोरच्यांना.

पुन्हा येतो, पुन्हा एकाला चकवता. शिट्टी.

या स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी आहे. खरोखरच बंदी, तशा स्पर्धाच रहीमसाबांनी हैदराबादेत सुरू केल्यात. आला चेंडू की दे पुढे. "अरे, दे ना रे, कैकू पकडके बैठा!" तुमचाच जोडीदार ओरडतो. तुम्हाला राग येतो. जे येतं तेच करू नको म्हणतात. मग उरलं काय? गवयाला ताना बंद.

पहिला अर्धा तास तुम्ही निव्वळ गोंधळलेले असता. चेंडू आल्यावर कुणाला द्यायचा हे शोधेपर्यंत कुणीतरी अंगावर आलेलं असतं. मग, केव्हातरी, एक गोष्ट घडते आणि तुमच्या लक्षातही येत नाही. चेंडू अजून वाटेत आहे आणि तुमची मान वर झाली आहे. आजवर ती कायम खाली होती, स्वतःच्या पायांकडे. चेंडू पोचायच्या आधी आपला कोण कुठं आहे हे बघणं भाग पडलंय, कारण तो आल्यावर वेळच मिळणार नाही. मैदान तुम्हाला आज पहिल्यांदा दिसतंय. ते गल्लीहून बरंच मोठं आहे.

पुढची स्पर्धा याहून वाईट. तीत फक्त कच्चा पाय चालतो. उजव्याचे असाल तर डावा, डाव्याचे असाल तर उजवा. तुमचा डावा पाय आजवर फक्त उभं राहायला होता. आता त्यानं मारायचंय. पहिला फटका अंगठ्याला लागून शेजारच्या बाभळीकडे जातो. पोरं हसतात. दुसरा जागच्या जागी लोळतो. संध्याकाळी घरी आल्यावर मांडीचा आतला स्नायू असा ठणकतो की पाय कुणा परक्याचा वाटावा.

रहीमसाब आरडाओरडा करत नाहीत. मास्तर फळ्यावर एकच गणित सतरा वेळा मांडतो, तसं चालू असतं त्यांचं.

काही आठवडे जातात. एकदा चेंडू डाव्या बाजूनं येतो. नेहमी तुम्ही तो थांबवला असतात, वळून उजव्यावर घेतला असतात, मग मारला असतात. आज तो आला तसाच डाव्यानं पुढं जातो. किती वेळ वाचला? अर्धा सेकंद असेल. हेलसिंकीत त्या गोलमागे उभं राहून तुम्ही जे दहा गोल पाहिलेत, त्यांतला प्रत्येक अशाच एकेका अर्ध्या सेकंदात झाला होता. आणि समोरचा बॅक, ज्याला आजवर पक्कं ठाऊक होतं की हा पोरगा उजवीकडूनच जाणार, तो आता दोन्हीकडे बघत उभा आहे.

मैदानाच्या कडेला एक सायकल टेकवलेली दिसतेय? भाड्याची आहे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याहून एक गरीब घरातला मुलगा इथवर येतो. सायकलच्या भाड्याचे पैसे रहीमसाब त्याला स्वतः देतात. त्यानं आपले पहिले बूट मोच्याकडून करून घेतलेत, पोलिसांच्या टाकून दिलेल्या बुटांच्या चामड्यातून. तुलसीदास बलराम त्याचं नाव. महासंघानं फर्मान काढून बूट सक्तीचे केले खरे, पण बूट असे आले पायात.

*

१ डिसेंबर १९५६, मेलबर्न. ऑलिंपिक पार्क. भारत विरुद्ध यजमान ऑस्ट्रेलिया, उपांत्यपूर्व सामना.

आधी एक कबुली. या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे संघ अकराच आहेत आणि भारत पहिल्या फेरीत न खेळताच पुढे आलाय. पहिला सामना व्हायचा होता हंगेरीशी. पण बुडापेस्टच्या रस्त्यांवर नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाडे फिरले आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. ज्यांच्याकडे बघून रहीमसाबांनी सेंटर फॉरवर्डला मागे ओढलं, त्यांचीच गाठ पडली नाही. गुरूला धडा म्हणून दाखवायची संधी हुकली म्हणा, किंवा थोडक्यात वाचलो म्हणा.

तर माणसं मोजा पुन्हा. या वेळी जरा कठीण जाईल, कारण ती हलतायत. मागे आता दोन नाहीत, तीन आहेत. पुढची पाचांची सरळ ओळ मोडलीय. एकजण खाली सरकून हाफबॅकांकडून चेंडू मागून घेतो आणि ऑस्ट्रेलियाच्या बॅकला प्रश्न पडतो, याच्यामागे जाऊ की जागा धरून राहू? चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न आपल्याला पडला होता. सगळ्यांच्या पायात बूट आहेत. कप्तान समर बॅनर्जी, विंगवर पी. के. बॅनर्जी, आणि संघाबरोबर आलेली हैदराबादची मंडळी ओळखू येतायत का? अझीझ, नूर, लतीफ, झुल्फिकारुद्दीन, आणि भाड्याच्या सायकलवरचा बलराम. कूपरेजवर गोंयकाराला वैताग आणणारा तो खेळ आता देशाच्या संघात झिरपलाय. वरून हुकूम काढून नव्हे, माणसांबरोबर.

त्या गोंयकाराला मात्र आज इथं आणायला हवं होतं. कारण पुढे उभा आहे नेव्हिल डिसोझा, मूळचा गोव्यातल्या आसगावचा, खेळतो मुंबईत टाटांच्या संघाकडून. गोवा अजून पोर्तुगीजांकडे आहे, आणि हा भारताची जर्सी घालून एक, दोन, तीन गोल मारतो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. चौथा गोल किट्टूचा. ४-२.

तीन दिवसांनी, ४ डिसेंबरला, उपांत्य फेरीत समोर येतात ते युगोस्लाव्ह.

इथं थोडा वेळ थांबू या. मध्यंतर झालंय आणि फळ्यावर ०-० आहे. हेलसिंकीत या वेळेला ०-५ होतं. समोरचे खेळाडू बदललेत, आपलेही. तरी पंचेचाळीस मिनिटं तुम्ही पाहिलंत ना, कुणी फाटलं नाही. एकजण मागे सरकला तर आपला कुणी वेड्यासारखा त्याच्यामागे गेला नाही. चेंडू मिळाला की डोकं वर. बुटातला पाय आता शेवटच्या क्षणी मागे येत नाही.

बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल डिसोझा गोल मारतो. भारत १, युगोस्लाव्हिया ०.

ही आघाडी फार टिकत नाही. चार-पाच मिनिटांत दोन गोल परत येतात, मग तिसरा, आणि चौथा तर आपल्याच सलामच्या पायाला लागून. ४-१. पाय जड झालेले दिसतायत तुम्हाला. मायदेशी नव्वद मिनिटांचे सामने खेळायची सवयच कुठं होती? रचना चार वर्षांत बदलता आली, दम पुरला नाही. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरिया ३-० जिंकतं. चौथा क्रमांक. नेव्हिलचे चार गोल स्पर्धेत सर्वाधिक, आणखी दोघांच्या बरोबरीनं.

त्या दुपारचं मला विचाराल तर मी ४-१ सांगणार नाही. मी बावन्नावं मिनिट सांगेन.

*

१९६० चं रोम घाईनं ओलांडू. हंगेरीशी १-२, फ्रान्सशी १-१, पेरूशी १-३. गाठ पडली एकदाची हंगेरीशी, आणि हार फक्त एका गोलची.

४ सप्टेंबर १९६२. जकार्ता, सेनायन स्टेडियम. कानांवर हात ठेवा. लाखभर लोक आहेत आणि ते तुमच्या विरुद्ध आहेत. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला या आशियाई खेळांत येऊ दिलं नाही. भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि शहर पेटलं. कालच भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. राष्ट्रगीत सुरू होतं आणि हुर्यो उठते. एका कोपऱ्यातून मात्र भारतासाठी आरोळ्या येतायत. तिकडे बघा. पाकिस्तानचा हॉकी संघ आहे तो.

रेषेबाहेर रहीमसाब. त्यांना कर्करोग आहे.

अंतिम सामना आहे, समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी याच स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात आपल्याला २-० हरवलंय. मधल्या काळात थायलंडविरुद्ध सेंटर हाफ जर्नैल सिंगचं डोकं फुटलं. टाके पडलेत. अशा माणसाला बचावात उंच चेंडूंवर डोकं घालायला ठेवणं अवघड, आणि बाकावर बसवणं त्याहून अवघड. रहीमसाबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. हो, देशातल्या सर्वांत कणखर बॅकला. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोलही मारला, चुनी गोस्वामीनं दोन, ३-२.

१९५१ मध्ये असं करून बघा बरं. पाच पुढचे, दोन मागचे, प्रत्येकाची जागा ठरलेली, वतनदारी असावी तशी. बॅक पुढे गेला असता तर आधी त्याचेच जोडीदार गोंधळले असते. आज मागे चार, मध्ये दोन, पुढे चार अशा ४-२-४ मांडणीत हे खपून जातं. कारण या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलंय ते जागेवर उभं राहणं नव्हे, तर मोकळी जागा कुठं आहे ते बघणं. कप्तान चुनी, पी. के., बलराम, युसूफ खान, मूळ गोव्याचा आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा फ्रँको, गोलमध्ये तापातून उठून आलेला थंगराज. यांच्यात एक बॅक फॉरवर्ड म्हणून मिसळून जातो.

सतराव्या मिनिटाला पी. के. गोल. विसाव्याला जर्नैल, त्याच टाके घातलेल्या डोक्याचा जर्नैल, गोल. २-०. लाख माणसांचा आवाज एकदम खाली येतो, चुलीवरचं भांडं उतरवल्यासारखा. कोरिया एक गोल परत करतं, तोही शेवटच्या काही मिनिटांत. थंगराज, अरुण घोष, चंद्रशेखर, त्रिलोक सिंग तग धरतात. शिट्टी.

२-१. आशियाई खेळांत भारताचं फुटबॉलमधलं हे दुसरं सुवर्ण. तिसरं अजून आलेलं नाही.

*

जून १९६३, हैदराबाद. तुम्ही आता चौदा वर्षांचे नाही. पोटापाण्याला लागलात, संध्याकाळी वेळ मिळाला तर खेळता. ११ तारखेला रहीमसाब गेले. चौपन्नाव्या वर्षी.

दोनएक दिवसांनी मैदानावर नेहमीची माणसं जमतात. कुणी फारसं बोलत नाही. कुणीतरी चेंडू आणलेला असतो म्हणून खेळ सुरू होतो. स्पर्धा नाही, नियम नाही, पंच नाही. कुणाला किती ड्रिब्लिंग करायचं ते करू दे.

चेंडू तुमच्या डाव्या बाजूला येतो. समोर एकच माणूस आहे, सहज चकवता येईल असा. मान आधीच वर झालेली आहे. पलीकडच्या विंगला कोण मोकळा आहे ते तुम्हाला दिसलंय. डावा पाय निघतो. उजवा नुसता उभा राहतो.